पहिला हात कुठं ठेवायचा

वाचकाचं पत्र

सर,

मी ३८ वर्षांची, मेकॅनिकल इंजिनिअर. १४ वर्षं क्वालिटीत काढली आणि पाच महिन्यांपूर्वी चाकणच्या आमच्या प्रेस शॉपची प्लँट हेड झाले. गाड्यांना लागणारे ब्रॅकेट आणि पत्र्याचे छोटे पार्ट आम्ही बनवतो. कंत्राटी धरून २२० माणसं आहेत. हे पद मी स्वतः मागून घेतलं, त्यामुळे आता तक्रार कुणाकडे करायची तेच कळत नाही.

सकाळी मोशीहून कंपनीच्या गाडीत बसते तेव्हापासून व्हॉट्सॲप ग्रुप चालू होतो. तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो की एकेक मेसेज वाचत बसते आणि गेटपर्यंत पोहोचेस्तोवर छाती आवळल्यासारखी होते. नऊच्या कस्टमर कॉलआधी हात गार पडतात. रात्री तीनला जाग येते ती येतेच. दिवसाला सहा-सात चहा होतात.

मागच्या महिन्यात होल सरकलेल्या ब्रॅकेटचा एक लॉट कस्टमरकडे गेला. त्यांची लाइन ४० मिनिटं थांबली. रात्रपाळीच्या सुपरवायझरच्या हे दीड वाजताच लक्षात आलं होतं. त्यांनी मला सांगितलं सकाळी साडेसातला, माल गेटबाहेर गेल्यावर. मी त्यांच्यावर सगळ्यांदेखत ओरडले. इतकी, की माझा आवाज मलाच ओळखू येईना. तेव्हापासून ते माझ्या नजरेला नजर देत नाहीत, आणि मी फ्लोअरवर गेले की बोलणं थांबतं.

परवा मुलाने विचारलं, "आई, तू घरी आल्यावर कुणावर रागावलेली असतेस?"

मला विचारायचंय ते एवढंच, की ही भीती चेहऱ्यावर न दिसू देता दाबायची कशी? माझ्या जागी आधी जे साहेब होते ते किती शांत असायचे. मी घाबरलेली दिसले तर 'मॅडमना झेपत नाही' हे वाक्य तयारच आहे. मी या खुर्चीला लायक नाही का?

एक वाचक, चाकण


उत्तर

ताई,

सगळ्यात आधी छातीचं. ती आवळल्यासारखी होते, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबतोय. तुमच्या वर्णनावरून हे ताणाचं असेल असं मलाही वाटतं, पण मला काय वाटतं त्याने ईसीजीचं काम होत नाही. बायकांमध्ये हृदयाचं दुखणं पुष्कळदा छातीत कळ येऊन डाव्या हातात उतरली, अशा ठरावीक रूपात येतच नाही. दम लागतो, मळमळतं, पाठ किंवा जबडा दुखतो, न समजणारा थकवा येतो, आणि 'टेन्शन असेल' म्हणून ते बाजूला पडतं. तेव्हा या आठवड्याच्या सुट्टीला डॉक्टरांकडे जा. ईसीजी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड एवढं करून घ्या. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी छाती धडधडते आणि झोप उडते, आणि माणूस आपला स्वभावच बिघडला असं समजून स्वतःला दोष देत राहतो. जिना चढताना छातीत दुखलं, किंवा घाम फुटला आणि दुखणं थांबेना, तर मात्र सुट्टीची वाट बघायची नाही. तेव्हाच्या तेव्हा हॉस्पिटल गाठायचं.

आता तुमचा प्रश्न. भीती दाबायची कशी, हे मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तो प्रयोग मी बरीच वर्षं केलेला आहे आणि त्याची किंमत माझ्या हाताखालच्या माणसांनी मोजली आहे.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, ११ वर्षं होतो, शेवटी प्रॉडक्शन माझ्याकडे होतं. २००७ च्या मे महिन्यातली गोष्ट. वळवाचा पाऊस, वारा, आणि लाइट गेली. भट्टी भरलेली होती, धातू ओतायच्या बेताला आलेला, म्हणजे तापमान चौदाशे अंशांच्या वर. इंडक्शन भट्टीची लाइट गेली की दोन संकटं एकदम उभी राहतात. धातू आतच गोठला तर भट्टीचं अस्तर फोडून काढावा लागतो, हे एक. त्याहून तातडीचं दुसरं: भट्टीभोवतीच्या तांब्याच्या कॉइलमधून फिरणारं पाणी थांबतं. धातूची धग तर आतून येतच असते. पाणी थांबलेलंच राहिलं तर कॉइल जळते, आणि फुटलेल्या कॉइलमधलं पाणी वितळलेल्या धातूपर्यंत पोहोचलं तर स्फोट होतो. हे सगळं मला पाठ होतं. नवीन पोरांना मीच शिकवायचो. त्या क्षणी मी काय केलं? ओरडलो. इलेक्ट्रिशियनवर, जनरेटरकडे धावणाऱ्या पोरावर, समोर दिसेल त्याच्यावर.

आमचे मेल्टिंगचे फोरमन, साठीकडे झुकलेले, सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. ते माझ्या शेजारून चालत गेले. धावले नाहीत. वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि कॉइलमधून परत येणाऱ्या पाइपवर तळहात ठेवून उभे राहिले. पाणी येतंय अशी खात्री झाल्यावर पोरांना म्हणाले, "झाकण टाका." मग माझ्याकडे वळून, "सायेब, पाणी चालू हाय. आता थोडा येळ आपल्या हातात हाय. जनरेटर लागला तर बरं, न्हाईतर रिकामी करायची तयारी करतो."

भट्टी वाचली. रात्री चहा पिताना मी त्यांना विचारलं, तुम्हाला भीती वाटली नाही का? ते म्हणाले, "वाटली की. पाय लटपटत हुतं. पर पयला हात कुठं ठेवायचा ते ठरल्यालं हाय, म्हणून तिकडं गेलो."

तेव्हा मला ते विनयाचं बोलणं वाटलं. पुढे मी समुपदेशनाचं शिक्षण घेतलं, कारखान्यांतल्या माणसांशी हेच बोलायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की आण्णांनी शब्दशः खरं सांगितलं होतं. त्यांची भीती माझ्यापेक्षा कमी नव्हती. पण घाबरलेल्या माणसाला त्या मिनिटात विचार सुचत नाहीत हे त्यांना माहीत होतं, म्हणून पहिली कृती त्यांनी शांत दिवशीच ठरवून ठेवली होती, आणि हाताला तिची सवय लावली होती. तुमच्या आधीचे साहेब शांत दिसायचे. कदाचित खरोखर शांत असतील, कदाचित त्यांचीही तीनची जाग असेल. ते आपल्याला कळायला मार्ग नाही, आणि कळून उपयोगही नाही. तुमचा पाइप कोणता, तेवढं आपण शोधू.

दाबण्याबद्दल अजून एक. २२० माणसांच्या ठिकाणी साहेबाचा चेहरा हा रोजचा अभ्यासाचा विषय असतो. तुम्ही गाडीचं दार कसं लावलंत यावरून गेटवरच्या सिक्युरिटीला दिवस कसा जाणार ते कळतं आणि तुम्ही केबिनमध्ये पोहोचायच्या आत ते प्रेस शॉपपर्यंत गेलेलं असतं. तुम्ही सगळा जोर चेहऱ्यावर लावता आहात, तरी भीती कुणापासून लपत नाही. फक्त तिचं कारण लपतं. मग माणसं आपापलं कारण जोडतात: 'आपल्यावरच चिडल्या आहेत.'

आता त्या रात्रीकडे येऊ. तुम्हाला ४० मिनिटं बोचतायत. मला तुमच्या पत्रात सहा तास दिसतात. दीड ते साडेसात. दीड वाजता तो लॉट तुमच्या छपराखाली होता. नाकारलेल्या मालाच्या लाल बिनमध्ये टाकून, होल पाडणारा पंच बघून, उरलेला माल हाताने तपासून ही गोष्ट तुमच्या घरातच मिटली असती. तुमच्या १४ वर्षांच्या क्वालिटीच्या अनुभवात असे शंभर लॉट घरातच मिटले असतील, आणि कस्टमरला त्यांचा पत्ताही लागला नसेल. मग हा माणूस सहा तास गप्प का बसला? आळशी असेल, बेफिकीर असेल, असं तुमच्या मनात आलं असणार. मला वेगळंच चित्र दिसतं. रात्रीचे दीड. डिस्पॅचची गाडी पहाटे लागणार. आकडा पूर्ण नाही. लाइन थांबवावी तर आकडा गेला, न थांबवावी तर लॉट गेला. मॅडमना उठवावं तर काय ऐकावं लागेल ते माहीत आहे. मागे कधीतरी एखादी छोटी वाईट बातमी तुमच्याकडे आणल्यावर काय झालं होतं, ते त्यांना आठवलं असणार. तुम्हाला ते आठवतही नसेल.

रॉबर्ट कारासेक या अभ्यासकाने १९७९ मध्ये कामाच्या ताणाबद्दल एक साधी मांडणी केली, ती मला अजून उपयोगी वाटते. नुसतं काम जास्त असल्याने माणूस तितका खचत नाही. मागणी जास्त आणि हातात अधिकार कमी, अशा जागी तो सगळ्यात जास्त खचतो. तुमच्या कंपनीत ती जागा तुमची नाही, रात्रपाळीच्या सुपरवायझरची आहे. त्या दिवशी फ्लोअरवर दोन घाबरलेली माणसं समोरासमोर उभी होती, आणि त्यांतल्या एकालाच ओरडायची सोय होती.

हे बोचेल, तरी लिहितो, कारण तुमच्या सगळ्या त्रासाची दोरी इथेच अडकली आहे असं मला वाटतं. तुम्ही घाबरता म्हणून आवाज चढतो. आवाज चढतो म्हणून बातमी उशिरा येते. उशिरा येते म्हणून मोठी होऊन येते. आणि कोणती बातमी कधी, किती मोठी होऊन येईल याचा भरवसा राहिला नाही, म्हणून तुम्ही चौकात ग्रुप वाचत बसता आणि तीन वाजता उठून बसता. झोपेची गोळी या फेऱ्याच्या शेवटच्या टोकाला काम करेल. आपल्याला पहिल्या टोकाला हात घालायचा आहे. वाईट बातमी तुमच्यापर्यंत लहान असतानाच आली पाहिजे.

टोयोटाच्या कारखान्यांत लाइनच्या कडेने दोरी असते, हे तुम्ही ट्रेनिंगमध्ये शिकला असाल. कामगाराला काही खटकलं की तो ती ओढतो, दिवा लागतो, आणि टीम लीडर त्याच्यापाशी येतो. गाडी लाइनवरच्या ठरलेल्या खुणेपर्यंत पोहोचायच्या आत प्रश्न सुटला तर लाइन थांबतही नाही. या दिव्याला अँडॉन म्हणतात. आपल्याकडे लोकांनी अँडॉनचे दिवे बसवून घेतले, चाकणमध्ये कितीतरी शॉपमध्ये ते टांगलेले दिसतात. पण त्या पद्धतीचा जीव येणाऱ्या टीम लीडरच्या पहिल्या वाक्यात आहे. 'काय झालं, कुठं अडलं?' असं विचारत तो आला तर दोरी पुन्हा ओढली जाते. 'कुणी थांबवली?' म्हणत आला तर तो दिवा पुढच्या ऑडिटपर्यंत लागत नाही.

म्हणून तुमचा पाइप म्हणजे तुमचं पहिलं वाक्य. ते आज, शांत असताना ठरवा. 'बरं झालं लगेच सांगितलंत' हे चालेल. तुमच्या बोलण्यात जे शोभेल ते घ्या, पण शब्द ठरलेले असू द्या, कारण त्या वेळी नवे शब्द सुचणार नाहीत, जुनेच येतील. त्यानंतर तीन गोष्टी विचारायच्या. संशयित माल आत्ता कुठे कुठे आहे: प्रेसजवळ, स्टोअरमध्ये, गाडीत, कस्टमरकडे? कस्टमरकडे चांगला माल किती तास पुरेल? आणि, तुम्हाला आत्ता माझ्याकडून काय हवंय? एवढंच. डायरीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा आणि बघून विचारा, त्यात काही कमीपणा नाही. का झालं, कुणामुळे झालं, हे त्या तासाचे प्रश्न नाहीत. ते दुसऱ्या दिवशी, साचे दुरुस्त करणाऱ्या टूलरूमचा माणूस शेजारी आणि डाय, म्हणजे पार्टचा साचा, समोर उघडी ठेवून विचारायचे. तुम्ही क्वालिटीच्या, तुमचा जीव 'का' मध्ये अडकणार हे मला समजतं. पण आगीच्या वेळी आधी पाणी.

हे तुम्ही कितीही मनापासून केलंत तरी त्या एका सकाळचं काय, हा प्रश्न उरतो. माफी मागा. केबिनमध्ये बोलावून नको. ओरडलात सगळ्यांसमोर, तर माफीही निदान त्या शिफ्टच्या लोकांसमोर हवी. लांबड लावू नका. साधारण असं: "त्या दिवशी मी ओरडले ते चुकलं. लॉट थांबवला नाही ही चूक तुमची, त्याबद्दल आपण वेगळं बोलू. पण रात्री दीडला मला फोन करावा असं तुम्हाला वाटलं नाही, त्यात माझा वाटा आहे." दोन्ही अर्धे बोला. पहिला अर्धा गाळलात तर तुम्ही ढिल्या पडलात असं होईल, दुसरा गाळलात तर ती माफीच होणार नाही.

'मॅडमना झेपत नाही' याबद्दल तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पुरुष साहेब ओरडला तर 'कडक आहे', बाई ओरडली तर 'आवरत नाही', हा न्याय शॉपफ्लोअरवर चालतो आणि मी तो माझ्या डोळ्यांनी बघितलाय. तो चुकीचा आहे आणि तो बदलायची जबाबदारी तुमच्या एकटीच्या माथ्यावर नाही. पण हेही बघितलंय की माणसं शेवटी लक्षात ठेवतात ते अडचणीच्या वेळी साहेब कुठे उभा होता. तुम्ही रात्रपाळीला किती वेळा गेला आहात, ते पत्रात नाही. गेल्या नसाल तर एकदा जा. चहाच्या सुट्टीत, काही न तपासता, फाइल न घेता. त्यांच्यात बसून चहा घ्या. हो, चहा कमी करा असं मी पुढे सांगणार आहे, हा एक माफ.

रात्रीच्या फोनचा नियम लेखी करा. अपघात किंवा आग, संशयित माल गेटबाहेर जायची शक्यता, कस्टमरकडे चार तासांहून कमी माल, आणि एखादी मोठी प्रेस किंवा चालू डाय बसली, एवढ्यासाठी कितीही वाजता फोन. मेसेज नाही, फोन. बाकी सगळं सकाळच्या शिफ्ट बदलाला. चार तास हा आकडा मी अंदाजाने लिहिलाय, तुमच्या कस्टमरचं अंतर आणि त्यांच्याकडचा साठा बघून तुम्ही बसवा. हे एकदा माणसांच्या अंगवळणी पडलं की तुमच्या फोनच्या गप्प राहण्याला अर्थ येईल. आज तुमचा फोन शांत असतो तेव्हाही तुम्हाला धास्ती वाटते, कारण शांतता म्हणजे 'सगळं ठीक' की 'कुणी सांगत नाहीये', हे कळत नाही.

सकाळी घरूनच, सव्वासातला, शिफ्ट सोडणाऱ्या माणसाशी दहा मिनिटं बोला. मग गाडीत ग्रुप उघडायचा नाही. तळेगाव चौकात बसून तुम्ही एकही प्रेस चालू करू शकत नाही. तिथे फक्त काळजीचा साठा वाढतो आणि तो घेऊन तुम्ही गेटातून आत जाता.

नऊच्या कॉलकडे येतो. हात गार पडतात, कारण तिथे उत्तर नसलेला प्रश्न येणार हे तुम्हाला माहीत असतं आणि उत्तर नसणं म्हणजे नापास होणं, असं तुम्ही धरून बसला आहात. कस्टमरकडचा माणूसही वर कुणाला तरी उत्तर देणारच असतो. त्याला तुमच्याकडून पुढची वेळ हवी असते. "एवढं नक्की झालंय. एवढं तपासतोय. ११ वाजता मी स्वतः फोन करते." आणि ११ वाजता फोन करायचाच, नवीन काही नसलं तरी. 'अजून तपासणी चालू आहे, पुढचं एक वाजता' एवढं सांगायला करायचा. अंदाजाने 'दुपारपर्यंत माल देतो' म्हणून सुटका करून घेतली की दुपारी तेच प्रकरण दुप्पट होऊन दारात येतं, हे मी किती वेळा भोगलंय ते इथे लिहीत नाही.

आता शरीराचं. लोक इथून सुरुवात करतात, मी मुद्दाम मागे ठेवलं. श्वासाचं एकच करा: आत घ्याल त्यापेक्षा सोडताना जास्त वेळ लावा. चार आकड्यांत आत, सहा ते आठ आकड्यांत बाहेर, दोन-तीन मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, ही शरीराची रचनाच आहे, तिचा उपयोग करून घ्यायचा. कॉलआधी केबिनमध्ये करा, फ्लोअरवर जाताना चालता चालताही होतं. याने भीती जाणार नाही, फक्त ठरवलेलं पहिलं वाक्य तोंडून निघेल इतपत जागा होईल. तेवढी पुरते.

चहा. सहा-सात कपांत कॅफिन बरंच जातं, आणि मोठ्या माणसाच्या शरीरातून त्यातलं निम्मं बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातला निम्मा ऐवज रात्री अकरालाही तुमच्यासोबत जागा असतो. शिवाय कॅफिनची धडधड आणि भीतीची धडधड आतून सारखीच जाणवते, त्यामुळे शरीर उगाच घाबरल्याचा निरोप देत राहतं. एकदम बंद करू नका, डोकं दुखेल. दुपारी दोननंतरचे आधी कमी करा. मीटिंगमध्ये नुसता हात भरलेला असावा म्हणून आपण कप धरतो. गरम पाण्याचा धरा.

तीनची जाग. रात्रीच्या उत्तरार्धात झोप मुळातच पातळ असते आणि पहाटेकडे शरीर जागं व्हायची तयारी सुरू करतं. जाग सगळ्यांनाच येते, बहुतेकांना ती सकाळी आठवत नाही. तुम्हाला आठवते, कारण जाग आल्या आल्या मन कामाला लागतं. उशाशी वही-पेन ठेवा, फोन दुसऱ्या खोलीच्या दाराशी, रिंग मोठी करून. म्हणजे खरा फोन ऐकू येईल, पण मेसेज बघायला उठावं लागेल. जे डोक्यात फिरतंय ते एका ओळीत लिहा, त्यापुढे 'कोण' आणि 'कधी' लिहा. 'तिसऱ्या प्रेसची डाय, टूलरूम, उद्या दहा.' बस. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसा, पण लॅपटॉप उघडू नका. तीन वाजता आपल्याला दिसतं ते अर्धंच खरं असतं.

डोक्यात फिरणाऱ्या वाक्यांबद्दल थोडं. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मांडणी केली, आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांनी आयुष्य वेचून ती मराठी माणसांपर्यंत आणली. तिचा गाभा असा, की आपल्याला हवं असणं निराळं आणि ते झालंच पाहिजे असा हट्ट निराळा. 'एकही वाईट लॉट जाऊ नये' ही चांगली इच्छा आहे, तिच्यामुळेच तुम्ही चांगल्या इंजिनिअर आहात. 'माझ्या हाताखालून एकही वाईट लॉट जाताच कामा नये, गेला तर मी नालायक' हा हट्ट आहे, आणि तो पंचला, पत्र्याला, रात्री दीडच्या डुलकीला मान्य नाही. तुम्ही विचारलंत, मी लायक नाही का. एका ब्रॅकेटचा होल दोन मिलिमीटर सरकला तर तुम्ही पूर्ण प्रेस भंगारात काढत नाही. पार्ट नाकारता, डाय दुरुस्त करता. तुमच्या हातून एक सकाळ वाईट गेली. ती सकाळ नाकारा.

एक शंका मात्र आहे. पाच महिन्यांत कस्टमरचं शेड्यूल वाढलंय का? डायच्या दुरुस्तीचे दिवस पुढे पुढे ढकलले जातायत का? होल सरकतो तो आपोआप सरकत नाही. असं असेल तर तुमच्या भीतीतला काही भाग भीती नसून माहिती आहे, आणि ती श्वास मोजून गप्प करणं चुकीचं ठरेल. ती कागदावर घ्या: ही डाय दोन दिवस थांबवून दुरुस्त केली तर इतका माल कमी जाईल, नाही केली तर हा धोका, निर्णय काय? तो कागद डायरेक्टरांसमोर ठेवा आणि तारीख टाकून उत्तर मेलवर घ्या. त्यांनी धोका पत्करायचं ठरवलं तर तो त्यांच्या नावावर पत्करू द्या. वरचा दबाव तसाच खाली ढकलणं वाईट, आणि सगळा स्वतःच्या छातीत साठवणंही वाईट. काही दबाव वर परत पाठवावा लागतो. प्लँट हेडच्या कामाचा तो भाग आहे, आणि नव्या माणसाला तो सगळ्यात उशिरा जमतो.

हे सगळं करून महिनाभरात झोप परतली नाही, कामावर जायच्या विचारानेच रडू येऊ लागलं, धडधडून 'आता मी मरते' असं वाटण्याचे झटके आले, किंवा जगण्याचा कंटाळा मनात डोकावला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. शेवटची गोष्ट असेल तर महिना थांबायचं नाही, त्याच दिवशी. सरकारची टेलीमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, १४४१६ वर रात्री तीनलाही फोन लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. चिंतेवर बोलण्याचे उपचार आहेत, औषधं आहेत, दोन्हींनी माणसं बरी होतात. कंपनीत कुणाला सांगायचं बंधन तुमच्यावर नाही.

मुलाला उत्तर दिलंत का? नसेल तर खरं सांगा. "कुणावर नाही रे, आईला ऑफिसच्या कामाची काळजी वाटत होती, ती चेहऱ्यावर राहिली." तुम्ही सांगितलं नाहीत तर मुलंही आपापलं कारण जोडतात, आणि बहुतेक वेळा ते कारण 'मी' असतं.

पुढच्या पत्रात मला दोनच गोष्टी कळवा. ईसीजी काय म्हणतो, आणि रात्रपाळीकडून पहिला फोन किती वाजता आला.

तुमचा,
सल्लागार